मिठातलं सोडियम का भडकत नाही?

११ नोव्हेंबर २०२४ ला दुपारी बडोद्याजवळच्या कोयलीच्या तेल रिफायनरीत बेंझिनच्या टाकीचा स्फोट झाला. दोन कामगारांचा जीव गेला. काळ्या धुराचा लोट कितीतरी लांबून दिसत होता आणि बडोद्यात घरोघरी एकच विषय होता. रात्री जेवताना वहिनीने मला विचारलं, "ताई, तुम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकवता, तर सांगा. बेंझिन म्हणजे पेट्रोलच का?"

मी म्हटलं, बेंझिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, बाकी काही नाही. तिचा घास हातातच राहिला. "कार्बन तर साखरेतसुद्धा असतो, धाकट्याच्या पुस्तकात आहे. मग साखरेच्या डब्याशेजारी गॅस पेटवताना आपल्याला भीती का नाही वाटत?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारलाय. असे प्रश्न सगळ्यांच्याच डोक्यात असतात. मोबाइलवर पाण्यात पडताच पेट घेणाऱ्या सोडियमचा व्हिडिओ फिरतो आणि डॉक्टर सांगतात, सोडियम कमी खा. क्लोरीन हा विषारी वायू, आणि तोच पिण्याच्या पाण्यात घालतात. युरियाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, आणि रक्ताच्या तपासणीत 'युरिया'चा आकडा छापून येतो. या सगळ्या कोड्यांना एकच किल्ली लागते. पदार्थात कोणकोणती द्रव्यं आहेत एवढ्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. ती एकमेकांशी कशी बांधली गेली आहेत, ते पाहावं लागतं.

आधी मोजके शब्द

ज्याचे आणखी साधे पदार्थ कोणत्याही रासायनिक क्रियेने करता येत नाहीत, ते मूलद्रव्य. सोनं, तांबं, लोखंड, गंधक, पारा, ऑक्सिजन ही मूलद्रव्यं. आजवर अशी ११८ माहीत आहेत आणि त्यांतली बहुतेक धातू आहेत. मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण म्हणजे अणू. अणू एकमेकांना घट्ट जोडले गेले की होतो रेणू. वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात बांधले जाऊन नवा पदार्थ तयार झाला, तर ते संयुग. आणि पदार्थ नुसतेच शेजारी शेजारी पडले असतील तर ते मिश्रण.

मिश्रण म्हणजे आपला लीला चिवडा. शेंगदाणे निवडून खाणाऱ्यांना ते बरोबर सापडतात, कारण चिवड्यात जाऊनही शेंगदाणा शेंगदाणाच राहतो. संयुगाचं तसं नसतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. ते ओसरल्यावर लोखंडी कपाटांच्या पायांना गंज चढलेला तुम्हीही पाहिला असेल. गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांचं संयुग. लोखंड चकचकीत आणि मजबूत असतं, चुंबकाला चिकटतं. गंज तांबूस, भुसभुशीत, बोटाने निघून येतो आणि चुंबक त्याला जवळपास ओळखतच नाही. लोखंड कुठे गेलेलं नाही, त्यातच आहे. पण त्याचा स्वभाव गेला.

इथे बडोद्याच्या मराठी घरांत एक खास घोटाळा होतो. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. गुजराती आणि हिंदी पुस्तकांत मात्र ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! आजोबा नातवाला मराठीतून शिकवायला बसतात, नातू गुजराती माध्यमातला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असूनही अर्धा तास वाद चालतो. त्यामुळे नातवाला शिकवण्याआधी त्याच्या पुस्तकातला शब्द पाहून घ्यावा, एवढंच मी पालकांना सांगते.

या शहरात विज्ञानाच्या भाषेचा विचार फार पूर्वी झाला आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर इथे कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय सुरू झालं. त्यामागचे रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर. कारागिरांच्या मुलांना रंगकाम, रसायन त्यांच्या भाषेत समजलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं, तेव्हा तो डाग काढून देणारे रसायनतज्ज्ञ हेच. १९०७ साली अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा करण्यातही त्यांचा हात होता. बडोदं रसायनांचं शहर झालं त्याची सुरुवात रिफायनरीच्या किती आधीची आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

पंगतीतलं एक पान

आता सोडियम. वर्गात मी ते दाखवते तेव्हा मुलांना चार हात लांब उभं करते. रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने तुकडा काढायचा, टिपकागदावर टिपायचा आणि पात्याने कापायचा. धातू असून तो लोण्याच्या गोळ्यासारखा कापला जातो. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी झळकते आणि बघता बघता मळकट होते, कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओल तिला लगेच भिडते. तांदळाच्या दाण्याएवढा कण पाण्यात टाकला की तो बुडत नाही, पाण्यापेक्षा हलका असतो. वितळून गोळी होते आणि चर्र आवाज करत पाण्यावर सैरावैरा पळते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो. तुकडा मोठा असेल तर तो हायड्रोजन पेटतो आणि स्फोट होतो. मागे जे पाणी उरतं त्यात कॉस्टिक सोडा असतो.

क्लोरीन हा पिवळट हिरवा, घशात टोचणारा वायू. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो शस्त्र म्हणून सोडला होता.

आणि या दोघांचं संयुग म्हणजे मीठ. आमटीत आपण हाताने टाकतो ते.

हे कसं होतं, ते समजायला जेवणाची पंगत डोळ्यासमोर आणा. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन नावाचे अगदी हलके कण थराथराने असतात. ते थर म्हणजे पंगती. सगळ्यात आतली पंगत दोघांची, तिच्याबाहेर आठांची. बाहेरच्या पंगतीत आठ पानं भरलेली असली की अणू निवांत असतो. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन. आत दोन बसले, पुढच्या पंगतीत आठ बसले आणि एक बिचारा नव्या पंगतीला एकटाच उरला. क्लोरीनकडे १७. दोन, आठ आणि बाहेर सात, म्हणजे एक पाट रिकामा. सोडियमचा तो एकटा उठून क्लोरीनच्या रिकाम्या पाटावर जाऊन बसतो. दोन्ही यजमान मोकळे झाले!

सोडियमची सगळी धडपड तो एक इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारण्याची होती. पाण्यात तो तेच करत होता. मिठात ते काम आधीच उरकलंय. म्हणून मिठातलं सोडियम भडकत नाही. इलेक्ट्रॉन दिलेल्या किंवा घेतलेल्या अशा अणूला आयन म्हणतात. मिठात असतो तो सोडियमचा आयन, बाटलीत असतो तो सोडियम धातू. आपल्या नसांमधून संदेश धावतो तो सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांवरच.

पंगतीचा दाखला मोठ्या अणूंना आणि लोखंडासारख्या धातूंना जसाच्या तसा लागू पडत नाही, त्यांच्या पंगतींचे नियम जास्त गुंतागुंतीचे आहेत. पण स्वयंपाकघरापुरता तो पुरतो.

पाकिटावरचं सोडियम कसं वाचायचं

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. सोडियमच्या हिशेबात ते २ ग्रॅम होतं, कारण मिठाच्या वजनात सोडियम साधारण ३९ टक्के असतं, बाकीचं क्लोरीन. फरसाणाच्या पाकिटावर मात्र मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. समजा, १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम छापलंय. म्हणजे २ ग्रॅम मीठ. तेवढी शेव सेव-उसळीवर आपण बोलता बोलता टाकतो.

"सैंधवात सोडियम नसतं ना?" हा प्रश्न मला दर उपासाला कोणीतरी विचारतं. असतं. सैंधव हे खाणीतून काढलेलं सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी छटा लोखंडासारख्या द्रव्यांच्या अंशामुळे येते. उपासाला खावं, चव आवडते म्हणून खावं. पण रक्तदाबासाठी साधं मीठ सोडून सैंधव दुप्पट घालणारे लोक माझ्या नात्यात आहेत, आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

नावाच्या शेवटाकडे लक्ष द्या

क्लोरीन आणि क्लोराइड, फ्लोरीन आणि फ्लोराइड, ऑक्सिजन आणि ऑक्साइड. शेवटचं 'आइड' सांगतं की हे मूलद्रव्य आता मोकळं नाही, कुणाशी तरी बांधलं गेलंय. बांधलं गेलंय म्हणजे निरुपद्रवी झालं असं मात्र नाही, सायनाइड हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ मूलद्रव्याच्या स्वभावावरून त्याची परीक्षा करू नका, एवढंच त्यातून कळतं. खतांतही तेच. शेतकरी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) म्हणतो. मोकळं पांढरं स्फुरद हवेत आपोआप पेट घेतं म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. आणि तेच स्फुरद फॉस्फेटच्या रूपात आपल्या हाडांत असतं.

मग पाण्यातला क्लोरीन?

इथे वाचक म्हणतील, नळाच्या पाण्यात तर मोकळा क्लोरीनच घालतात, क्लोराइड नाही. बरोबर. तो घालतातच मुळी त्याच्या आक्रमक स्वभावासाठी. पाण्यात विरघळला की त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि ते जंतूंना मारतं. प्रश्न मात्रेचा आहे. भारतीय मानकांप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा. एक हजार लिटरच्या टाकीत हे होतं ०.२ ग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. वास नको असेल तर पाणी उघड्या भांड्यात ठेवावं, तो निघून जातो.

जास्त मात्रेत तो काय करतो ते मी पुरानंतर पाहिलं. तळमजल्याच्या काकूंच्या मोरीत गुडघाभर गाळ आला होता. गाळ काढून झाल्यावर त्यांनी ब्लीचिंग पावडर भरपूर पसरली. वास जाईना, म्हणून त्यावर संडास धुवायचं ॲसिड ओतलं. मी जिन्यात होते, फसफस ऐकू आली आणि पाठोपाठ खोकला. जाऊन पाहते तर मोरीत तोच टोचणारा वास आणि काकू भिंतीला धरून उभ्या. त्यांना ओढत अंगणात आणलं, खिडक्या-दारं उघडली आणि तासभर कोणाला आत जाऊ दिलं नाही. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन बांधलेला असतो, आम्ल पडलं की तो मोकळा सुटतो. त्या दिवशी काकू दार लावून आत असत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून मला रात्री जागं करतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. एकामागून एकही नको, मध्ये भरपूर पाणी ओतून जागा धुतल्याशिवाय नको.

कल्हईवाल्याचं रसायन

माझ्या लहानपणी आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, कल्हईवाला यायचा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, कडेला कातड्याचा भाता. पितळेचं पातेलं तापलं की तो त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा आणि नाकातून डोळ्यांत पाणी यायचं. मग कथलाची कांडी आतून टेकवायची, ती लगेच पाघळायची आणि कापसाच्या बोळ्याने तो ती झर्रकन फिरवायचा. पिवळं पातेलं आतून चांदीचं व्हायचं. आम्ही मुलं हे बघायला शाळा बुडवायला तयार असू.

यात किती रसायन आहे पाहा. पितळ हे मूलद्रव्य नाही आणि साधं मिश्रणही नाही. तांबं आणि जस्त वितळवून एकजीव केलेला तो धातू, अशाला संमिश्र म्हणतात. हवेमुळे त्यावर ऑक्साइडचा थर बसलेला असतो आणि त्या थराला कथील चिकटत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून जे वायू निघतात ते हा थर खाऊन टाकतात आणि खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळ त्याच्या कितीतरी वर, म्हणून भांडं शाबूत राहतं आणि कथील पसरतं.

आणि हे सगळं कशासाठी? ताक, चिंच, कोकम यांतलं आम्ल तांब्याला विरघळवतं, आणि तांब्याचे क्षार पोटात गेले की मळमळ, उलट्या. बिनकल्हईच्या पातेल्यात ठेवलेलं ताक 'कळकलं' असं आपल्या आज्या म्हणायच्या तो हाच प्रकार. त्यांनी आयन हा शब्द ऐकला नव्हता, पण तांब्याचे आयन जिभेने ओळखले होते. तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी वेगळं, त्यात आम्ल नसतं. लिंबू पिळलेलं सरबत मात्र त्यात ठेवू नये.

कथील महाग, शिसं स्वस्त आणि दिसायला सारखंच, म्हणून कल्हईत शिसं मिसळण्याची लबाडी चालायची. तो खरा धोका. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. मूलद्रव्य उकळून मरत नाही, ही गोष्ट मला प्रत्येक आईला सांगावीशी वाटते. पाणी उकळलं की जंतू मरतात, कारण जंतू मोठमोठ्या नाजूक रेणूंचे बनलेले असतात आणि उष्णतेने ते रेणू मोडतात. शिसं, आर्सेनिक यांचे अणू उकळून मोडत नाहीत. पाणी आटतं, ते तिथेच राहतात, उलट जास्त दाट होतात.

पण नैसर्गिक ते चांगलंच ना?

बाजारात पाटी असते, 'केमिकल-फ्री गूळ'. दुकानदाराला म्हणायचं असतं की गुळाचा रंग उजळायला पावडर घातलेली नाही. हे चांगलंच आहे, मीही तोच काळसर गूळ घेते. पण गूळ स्वतः रसायनच आहे. त्यातली साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग.

निसर्गातलं द्रव्य आणि कारखान्यातलं द्रव्य मुळातच वेगळं असतं, असं एके काळी शास्त्रज्ञांनाही वाटायचं. सजीवांच्या शरीरातली द्रव्यं माणसाला बनवता येणार नाहीत, त्यांना एक जीवनशक्ती लागते, अशी समजूत होती. १८२८ साली जर्मनीत फ्रीडरिश व्होलरने प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. आपल्या लघवीत असतो अगदी तोच. त्या समजुतीला पहिला मोठा तडा तिथे गेला. आज शेतात पडणारा युरिया आणि तुमच्या रक्ताच्या अहवालातला युरिया यांचे रेणू शेजारी ठेवले तर कोणता कुठून आला हे कोणालाही सांगता येणार नाही. आपल्याकडे फर्टिलायझरनगरला खतं बनतात, त्यांच्या मुळाशी हवेतलं नत्रच आहे. हवेत ते ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला ते घेता येत नाही. लोखंडाच्या उत्प्रेरकावर, प्रचंड दाबाखाली त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवला की अमोनिया होतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ, सोयरीक करून देतो आणि स्वतः बाजूला राहतो.

कारखान्यांची वकिली मी करत नाहीये. धूर, सांडपाणी, सुरक्षेतली ढिलाई यांचा जाब विचारलाच पाहिजे. पण 'केमिकल नको' म्हणून तो विचारता येत नाही. कोणतं द्रव्य, किती आणि कोणत्या रूपात, असं विचारलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आणि निसर्गाचं म्हणाल तर गुजरातेत मेहसाण्याकडे कितीतरी ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, त्याने दात आणि हाडं खराब होतात.

वहिनीच्या प्रश्नाकडे

ग्लुकोज ही एक साधी साखर. तिच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. बेंझिनच्या रेणूतही सहाच. ग्लुकोजमधल्या कार्बनांच्या अंगाखांद्यावर हायड्रोजनबरोबर ऑक्सिजनही बसलेला असतो. त्या ऑक्सिजनमुळे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून साखर घट्ट, खडेदार, पाण्यात विरघळणारी. तिची वाफ होऊन हवेत मिसळत नाही. बेंझिनमध्ये सहा कार्बन हात धरून कडं करतात आणि प्रत्येकाकडे एकेकच हायड्रोजन. रेणू एकमेकांना सैल धरतात, द्रव ८० अंशांनाच उकळतो आणि त्याच्या किती तरी आधीपासून, आपल्या नेहमीच्या हवेतसुद्धा, त्याची वाफ पेट घेण्याइतकी साठते. ती वाफ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पेट्रोल हे अशा अनेक द्रव्यांचं मिश्रण, त्यात बेंझिन फार तर एक टक्का असावं असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे बेंझिन पेट्रोलमध्ये असतं, पण बेंझिन म्हणजे पेट्रोल नाही.

"आणि धूर एवढा काळा का होता?" वहिनीने पुढे विचारलं.

मी तिला देवघरात नेलं. संध्याकाळच्या आरतीचं तबक तसंच पडलं होतं. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते, कारण त्या वायूत कार्बनच्या मानाने हायड्रोजन भरपूर आणि हवाही नीट मिळते. बेंझिनमध्ये आणि कापरात हायड्रोजनच्या मानाने कार्बन जास्त. सगळा कार्बन जळायला ऑक्सिजन पुरत नाही, तो तसाच वर उडतो. मी तबकात कापराची वडी पेटवली आणि ज्योतीवर स्टीलची वाटी उपडी धरली. घटकाभरात वाटीचा तळ काळा झाला. वहिनीने बोट फिरवून पाहिलं आणि ते काळं बोट धाकट्याच्या नाकाला लावत म्हणाली, "हे बघ, हे तुझ्या पुस्तकातलं मूलद्रव्य."